दोन्ही टोकं समान दर्जाची

लेबलकाकांचं म्हणणं असं की सगळा घोटाळा वकीलबाईंच्या जांभळ्या फुलांमुळे झाला. काकूंचं म्हणणं वेगळं आहे, पण ते छापण्याजोगं नाही.

मुळात घोटाळा सुरू झाला तो गच्चीच्या गळतीपासून. सर्वांत वरच्या मजल्यावर दंतवैद्य राहतात आणि तिथेच दात काढतात. एके दिवशी त्यांच्या खुर्चीत आ वासून पडलेल्या पेशंटच्या थेट तोंडात छतातून थेंब पडू लागले. दंतवैद्य म्हणाले, चूळ भरायला वेगळं पाणी द्यावं लागत नाही ही सोय आहे, पण बरं दिसत नाही. मग इमारतीची सभा झाली, त्यात नेहमीप्रमाणे आधी जिन्यातल्या चपलांवर तासभर भांडण झालं आणि शेवटच्या पाच मिनिटांत ठरलं की गच्ची खरवडून नवा थर द्यायचा. गच्चीवर एकही कुंडी राहता कामा नये, आणि यापुढे ठेवताही येणार नाही.

काकूंच्या चाळीसेक कुंड्या होत्या. त्या त्यांनी दोन दिवसांत दारोदार वाटूनही टाकल्या. प्रश्न उरला तो एका झाडाचा. ते सिमेंटच्या पिंपात होतं, अठरा वर्षांचं होतं, आणि त्याच्या मुळांनी पिंपाचं बूड फोडून खाली गच्चीत मुक्काम ठोकला होता. हलवायचं म्हटलं तर इमारतीसकट हलवावं लागलं असतं. हे झाड काकूंच्या थोरल्या बहिणीने ओल्या रुमालात गुंडाळून आणलेल्या एका काडीचं. ताई जाऊन सहा वर्षं झाली. ताईच्या साड्या तिच्या लेकींनी नेल्या, भांडी सुनेने ठेवून घेतली, काकूंच्या वाट्याला काय आलं असेल तर हे झाड. त्याला घरात 'ताईचं' म्हणत. काकूंच्या राज्यात झाडांना झाडांची नावं नव्हतीच. एक 'मावशीचं' होतं, एक 'पोस्टमनचं', आणि एक 'त्या भांडखोर बाईचं', जे सगळ्यांत जोमाने वाढायचं.

तेव्हा उपाय एकच. ताईचं झाड तोडलं जाण्याआधी त्याच्या फांद्या कापायच्या, घरोघरी लावायला द्यायच्या, आणि जगतील तेवढ्या जगवायच्या. काकांच्या स्वतःच्या बाल्कनीत शेजारच्या इमारतीची भिंत येते, ऊन येत नाही. काकूंनी बारा घरं ठरवली. घरटी दोन फांद्या. एवढं साधं काम होतं.

इथे वकीलबाई आल्या. त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि बोलताना समोरच्याला आरोपी धरून चालतात. "देताय ते द्या," त्या म्हणाल्या, "पण मागे तुम्ही पिवळं म्हणून दिलेलं झाड जांभळं निघालं. मी त्यावर पडदे शिवून घेतले होते."

काकू हसल्या. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. हे लक्षण चांगलं नसतं.

काकांची नोकरी साबणाच्या कारखान्यात झाली, वेष्टन विभागात, लेबल-तपासनीस म्हणून. एकतीस वर्षं त्यांनी एवढंच पाहिलं की लेबल सरळ आहे की तिरकं. वेष्टनात साबण आहे की नाही हे पाहणं त्यांच्याकडे नव्हतं, ते दुसरं खातं. तिरकं लेबल दिसलं की वडी बाजूला. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं की यांच्या कारकिर्दीत एकदाही माल परत मागवावा लागला नाही. काका ते भाषण अजून पाठ म्हणून दाखवतात. निवृत्तीनंतर त्यांनी घरातल्या डब्यांना लेबलं लावली, फ्यूजांना लावली, आणि जावयाला लावण्याच्या बेतात असताना मुलीने अडवलं.

अशा माणसाच्या घरातून पिवळं म्हणून जांभळं बाहेर जावं! काकांच्या जिवाला ते फारच लागलं. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं की शोभेच्या झाडांच्या फांद्या, कंद, रोपं देण्याघेण्यावर रीतसर नियम आहेत. पुरवठादाराची नोंदणी, जातीचं नाव, संख्या, कीड नसल्याची खात्री आणि प्रत्येक नगावर लेबल. हे वाचून काकांना इतका आनंद झाला की ते रात्रीचं जेवण विसरले.

दुसऱ्या दिवशी ते लागवड साहित्य नियंत्रण कार्यालयात हजर झाले. खिडकीमागे एक कारकून दोन फायलींवर हनुवटी टेकून बसला होता.

"विकता का?" कारकुनाने विचारलं.

"नाही. शेजाऱ्यांना देतो."

"मग तुम्हाला नियम लागू नाही. घरगुती देवाणघेवाणीला सूट आहे. जा."

"मला सूट नको," काका म्हणाले.

कारकुनाने हनुवटी उचलली. तिथे येणारा प्रत्येक माणूस नियमातून सुटायला आलेला असतो. स्वतःच्या पायांनी नियमात शिरायला आलेला माणूस त्याने नोकरीत पहिल्यांदाच पाहिला. "काका, घरी बरं आहे ना सगळं?" त्याने जरा हळू आवाजात विचारलं.

काका चार वेळा गेले. दुसऱ्या वेळी अर्जच नव्हते, कारण कोणी मागत नाही म्हणून छापले नव्हते. तिसऱ्या वेळी जातीच्या नावाची जागा कोरी म्हणून अर्ज परत आला, कारण 'ताईचं' हे नाव वनस्पतिशास्त्राला मान्य नाही. शेवटी तिथे 'निश्चित व्हायचे आहे' असं लिहून चौथ्या वेळी काकांना नोंदणी क्रमांक मिळाला. 'नोंदणीकृत पुरवठादार'. काकांनी पाटी रंगवून घेतली आणि दारावर स्वतःच्या नावाच्या वर लावली.

"फांद्या कधी कापायच्या ते मी सांगेन," काकू म्हणाल्या. "पाटी बघून झाड उगवत नाही." आणि त्या आठ दिवसांसाठी लेकीकडे गेल्या, तिचं घर बदलणं चाललं होतं म्हणून.

गच्चीचा मुकादम ठरल्या तारखेला कधीच येत नाही, या भरवशावर सगळं चाललं होतं. तो चार दिवस आधी आला. मुकादमाच्या जातीला शोभत नाही असं वागणं, पण वागला खरा. म्हणाला, "उद्या सकाळी पिंप फोडतो. काय काढायचं ते काढून घ्या."

काकांनी काकूंना फोन लावला. पलीकडे कपाट जिन्यातून उतरवणं चाललं होतं. त्या गोंधळात काकू ओरडून म्हणाल्या, "वीतभर लांबीच्या कापा! बुडाला तिरप्या, शेंड्याला सरळ! अहो, धरा ना ते, पडेल!" शेवटचं वाक्य काकांसाठी नव्हतं, पण तेही त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मग त्यांनी वही पुन्हा वाचली, आणि 'तिरप्या' या शब्दापाशी अडकले. तिरप्या? एकतीस वर्षं ज्यांनी तिरकं दिसलं की बाजूला काढलं, त्यांनी स्वतःच्या पहिल्या नोंदणीकृत मालाचं एक टोक मुद्दाम तिरकं कापायचं? काकूंची ही काहीतरी बाळबोध सवय असणार. भाजीसुद्धा त्या तिरकीच चिरतात. काकांनी वहीत 'तिरप्या'वर काट मारली.

दुपारभर ते कामाला भिडले होते. प्रत्येक फांदी पट्टीने मोजून अगदी सारख्या लांबीची. दोन्ही टोकं करवतीने काटकोनात. पानं काढून टाकली, कारण पानांची संख्या प्रत्येक फांदीवर वेगळी होती. सालीवरच्या खुणांमुळे डिंक धरेना, म्हणून साल कापडाने घासून गुळगुळीत केली. मग सगळ्या फांद्या बादलीत धुतल्या, टॉवेलवर वाळवल्या, आणि बरोबर मधोमध, साबणाच्या वडीवर असतं तसं, एकेक लेबल लावलं. क्रमांक, संख्या, पुरवठादार, आणि 'फुलाचा रंग : नमुन्याप्रमाणे'. चोवीस फांद्या टेबलावर ओळीने मांडून ते लांब उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. एकीसारखी एक! कुठली कुठे ठेवली तरी फरक कळणार नाही!

संध्याकाळी वाटप झालं. पोचपावतीवर सह्या घेतल्या आणि एक प्रत नियंत्रण कार्यालयाला धाडली. दंतवैद्यांनी विचारलं, "कशी लावायची?" काका म्हणाले, "लेबल वाचता येईल अशी." सूचना इतकी सुटसुटीत होती की बाराही घरांनी ती तंतोतंत पाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाच्या माणसांनी ताईचं झाड तोडलं आणि पिंप फोडलं. काका शांतपणे पाहत उभे होते. माल सुरक्षित होता.

काकू परतल्या त्या सामान खाली न ठेवताच आधी गच्चीवर गेल्या. तिथे काळा थर पसरला होता आणि त्यावर कोणाच्या तरी चपलेचा ठसा होता. मग खाली येऊन म्हणाल्या, "चला, फांद्या तर आहेत," आणि वकीलबाईंकडे फांद्या बघायला गेल्या. काका मागून गेले, कौतुक ऐकायला.

वकीलबाईंच्या खिडकीत दोन कुंड्या होत्या. दोन काड्या सरळ उभ्या, लेबलं समोर, अक्षरं स्वच्छ. काकूंनी एक काडी अलगद उपटली. खालचं टोक पाहिलं. वरचं टोक पाहिलं. मग बोटाने साल चाचपली.

"अहो, यात वर कुठलं?"

"कुठलंही," काका अभिमानाने म्हणाले. "दोन्ही टोकं समान दर्जाची आहेत."

काकू मटकन खुर्चीत बसल्या. वकीलबाईंना वाटलं प्रवासाचा शीण, म्हणून त्या पाणी आणायला उठल्या.

"उलटी लावलेली फांदी मूळ धरत नाही हो," काकू अगदी हळू म्हणाल्या. "खालचं कुठलं ते कळावं म्हणून तिरपी कापायची असते. पानाच्या खुणेवरून तरी कळलं असतं, तर त्याही घासल्यात. या झाडाचे डोळे सालीच्या आत असतात, फुटेपर्यंत दिसत नाहीत. आणि लेबल वाचून लावा म्हणालात. लेबल लावताना तरी वर कुठलं ते ठाऊक होतं का तुम्हाला?"

धुताना, वाळवताना, घासताना फांद्या किती वेळा इकडच्या तिकडे झाल्या होत्या ते त्यांनाच आठवेना. अक्षरं सुलटी होती एवढं नक्की.

"एवढंच होतं हो माझ्याकडे ताईचं," काकू म्हणाल्या, आणि त्यानंतर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

काकू भांडल्या असत्या तर काकांनी उत्तरं तयार ठेवली होती. पण त्या भांडल्याच नाहीत. त्या भिंतीशी बोलू लागल्या. "जेवण झाकून ठेवलंय म्हणावं." "दूधवाला येऊन गेला म्हणावं." काका भिंतीच्या बाजूने 'बरं' म्हणत.

तिसऱ्या दिवशी काकू भिंतीला म्हणाल्या, "टोक कळत नसेल तर फांद्या आडव्या पुरायच्या असतात. अर्ध्या मातीत, अर्ध्या वर. झाडाला आपलं वर कुठे ते आपोआप कळतं. अजून ओल्या असतील तर एखादी जगेल. पण त्यासाठी त्या आधी गोळा कराव्या लागतील."

म्हणजे माल परत मागवायचा! ज्या माणसाच्या कारकिर्दीत एकदाही माल परत आला नाही, त्याने बारा दारं ठोठावायची! काका तासभर खुर्चीत बसले. मग उठले, सूचनापत्र लिहिलं, 'अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव सदर माल परत मागवण्यात येत आहे', आणि पिशवी घेऊन निघाले.

"कोणतं तांत्रिक कारण?" वकीलबाईंनी दारातच विचारलं.

"ते अंतर्गत आहे."

"तुमची चूक झाली असं लिहून देता?"

"चूक असं नाही म्हणता येणार," काका म्हणाले, आणि कुंड्यांसकट सुटका करून घेतली. दंतवैद्यांनी मात्र फार प्रश्न विचारले नाहीत. एका हाताने कुंडी धरली आणि सवयीच्या झटक्याने दोन्ही फांद्या उपटून दिल्या. वर "आता दोन तास काही खाऊ नका" असंही म्हणाले. तळमजल्यावर एक फांदी कुत्र्याने चावून खाल्ली होती, लेबल मात्र शाबूत होतं. एका घरी आजोबांनी पाठ खाजवायला दोन्ही घेतल्या होत्या आणि ते परत द्यायला तयार नव्हते, म्हणाले इतकी गुळगुळीत काडी आयुष्यात मिळाली नाही. आणखी दोन कुठे गेल्या ते पोचपावती दाखवूनही कळलं नाही. चोवीसातल्या एकोणीस मिळाल्या.

ऊन असलेली सामाईक जागा इमारतीत एकच उरली होती, जिन्याच्या वळणावरची खिडकी. तिथे एका पत्र्याच्या ट्रेमध्ये काकूंनी माती भरली आणि एकोणीस फांद्या शेजारी शेजारी आडव्या निजवल्या. आता जिन्यातून जाणारा येणारा प्रत्येक जण तिथे थांबू लागला. कोणी म्हणे पाणी जास्त आहे, कोणी म्हणे कमी आहे. वकीलबाई म्हणाल्या, हे दफन आहे की लागवड? काका रोज सकाळी ट्रेसमोर उभे राहून पाहत, काही दिसत नसे, आणि ते चोरासारखे परत येत.

अशा अवस्थेत दोन आठवडे गेले आणि नियंत्रण कार्यालयाची निरीक्षिका आली. नोंदणीकृत पुरवठादाराच्या पहिल्या मालाची सक्तीची तपासणी होती. हातात लिहायचं पॅड, पॅडला कागद. काकू पायऱ्यांवर वरच्या बाजूला उभ्या होत्या, मध्ये ट्रे, खाली काका.

"लेबलं कुठे आहेत?" निरीक्षिकेने विचारलं.

"मातीत भिजून निघून गेली."

"नोंद चोवीसची आहे. हे एकोणीस."

"एक कुत्र्याने खाल्ली," काका म्हणाले. पाठ खाजवण्याचं सांगावं की नाही हे त्यांना ठरवता आलं नाही.

"फुलाचा रंग, नमुन्याप्रमाणे. नमुना कुठे आहे?"

"तोडला."

निरीक्षिकेने पेन थांबवलं. "मग तुम्ही तोंडी सांगा. फुलं कुठल्या रंगाची येतात?"

काका बोलायला गेले आणि थबकले. अठरा वर्षं ते गच्चीवर कपडे वाळत घालायला जात होते. झाड डोळ्यांपुढे येत होतं, पिंप येत होतं, पिंपाला गेलेला तडासुद्धा येत होता. फुलं येत नव्हती. त्यांनी वर पाहिलं. काकू त्यांच्याकडेच बघत होत्या, आणि सांगणार नव्हत्या.

"मला माहीत नाही," काका म्हणाले.

निरीक्षिका वाईट बाई नव्हती. तिने उसासा टाकला. "मग हा माल नापास करावा लागेल. नोंदणीकृत पुरवठादाराचा नापास माल नष्ट करायचा असतो. माझ्यासमोर."

काकू दोन पायऱ्या खाली आल्या आणि त्यांनी ट्रेची कड धरली. त्यांची बोटं पांढरी पडली होती. काका त्या बोटांकडे बघत राहिले.

"आणि पुरवठादार नोंदणीकृत नसेल तर?"

"तर हा माल नाहीच. घरातल्या काड्या. मी त्यांच्याकडे बघायचंही कारण नाही." निरीक्षिका त्यांना न्याहाळत म्हणाली, "पण नोंदणी सोडली की परत मिळत नाही हं. कायमची जाते. आणि सोडण्याचं कारण स्वतःच्या हाताने लिहावं लागतं."

काका जिना चढून घरी गेले, दारावरची पाटी काढली, आणि पाटी काखेत मारून परत आले. निरीक्षिकेने दिलेला कागद भिंतीला टेकवून त्यांनी सही केली. कारणाच्या रकान्यापाशी पेन अडलं. 'अपरिहार्य' हा शब्द 'अ'पर्यंत आला. त्यांनी तो खोडला. सरकारी कागदावर खाडाखोड करण्याचीही ही पहिलीच वेळ. मग लिहिलं, 'फांद्या मी चुकीच्या कापल्या. बायकोने नीट सांगितलं होतं.'

निरीक्षिकेने ते वाचलं, कागद घडी करून ठेवला आणि ट्रेकडे न बघता जिना उतरून गेली. काका तिथेच उभे राहिले. एकदम हलकं वाटत होतं आणि भयंकर लाजही वाटत होती.

"अहो," काकू म्हणाल्या. भिंत वरच्या मजल्यावर होती, तेव्हा हे त्यांनाच उद्देशून होतं. "पाणी घाला. थोडंच. माती ओली होण्यापुरतं."

त्यानंतर नऊ दिवसांनी, सकाळी दूध घेऊन वर येताना काका खिडकीशी थांबले. मधल्या ओळीतल्या एका फांदीची साल फुटली होती आणि तिथून तांदळाएवढं काहीतरी हिरवं वर आलं होतं. त्यांनी हाक मारली ती इतकी मोठी होती की दंतवैद्य हातात चिमटा घेऊन बाहेर आले. काकू धावत आल्या. ट्रेवर वाकल्या. बघता बघता त्यांना हुंदका आला, आणि त्या हुंदक्यातच हसायला लागल्या, कारण काकांच्या हातातलं दूध केव्हाच लवंडून पायरीवरून वाहत खाली चाललं होतं आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

"फुलं कुठल्या रंगाची येतात गं?" काकांनी विचारलं.

काकूंनी पदराने डोळे पुसले. नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, अठरा वर्षांचा हिशेब त्या एका नजरेत मांडून.

"नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "बसा बघत."

काका घरात गेले, स्टूल घेऊन आले, आणि जिन्याच्या वळणावर खिडकीसमोर बसले.